इन्स्ट्रक्टरकीनंतर पुढे काय? पुण्यातल्या नवख्या वैमानिकांचे नेहमीचे प्रश्न

मी तीन वर्षं विमान उडवायला शिकवणारी इन्स्ट्रक्टर होते, बहुतेक काळ बारामतीच्या पट्टीवर. आता एटीआर या छोट्या, पंख्यांच्या प्रवासी विमानाच्या राइट सीटवर, म्हणजे को-पायलटच्या जागी बसते. सुट्टीला कर्वेनगरच्या घरी आले की नवख्या इन्स्ट्रक्टरांचे फोन सुरू होतात, "मॅम, पाच मिनिटं आहेत का?" त्या पाच मिनिटांचा दीड तास होतो आणि प्रश्न मात्र तेच ते असतात. म्हणून एकदाचं लिहून काढलं. हेलिकॉप्टरवाल्यांच्या हे उपयोगाचं नाही, त्यांचं गणितच निराळं.

माझे उड्डाणाचे साडेआठशे तास झालेत. दीड हजार पुरे करूनच एअरलाइनला अर्ज करावा ना?

नाही. हा सल्ला अमेरिकेतला आहे. तिथे २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, त्यावर बरीच चर्चा झाली आणि २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही (को-पायलटलाही) साधारण दीड हजार तासांची अट लागली. त्यामुळे तिकडची बरीच मुलं इन्स्ट्रक्टर होऊन तास भरतात. त्यांना दुसरी सोपी वाट नाही. आपल्याकडची काही मुलं तिथे शिकून येतात, येताना हा आकडाही सोबत आणतात, आणि मग तो व्हॉट्सॲपवर फिरत राहतो.

आपल्याकडे सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) २०० तासांवर मिळतं आणि एअरलाइन्स त्या २०० तासांवरच मुलं घेतात. म्हणजे तुमच्या साडेआठशे तासांमुळे दार उघडत नाही, ते आधीपासूनच उघडं होतं. दीड हजाराचा आकडा आपल्याकडे एटीपीएल या वरच्या लायसन्ससाठी लागतो, म्हणजे पुढे कॅप्टन होऊन कमांड घेताना. तुमच्या अर्जात बघितलं जातं ते वेगळंच: मेडिकल चालू आहे का, मल्टी-इंजिन आयआर (फक्त यंत्रं बघून विमान उडवायचं रेटिंग) चालू आहे का, ई-जीसीएवरचं (सरकारी नियामक डीजीसीएच्या पोर्टलवरचं) लॉगबुक कागदाच्या लॉगबुकशी जुळतं का. गेल्या भरतीत माझ्या ओळखीचे दोघं याच तीन गोष्टींत अडकले. त्यातल्या एकाचे हजाराच्या वर तास होते.

म्हणजे इन्स्ट्रक्टरकी फुकट गेली?

असं कोण म्हणालं? पण नेमकं काय कमावलं ते नीट माहीत असावं, नाहीतर मुलाखतीत "सर, आय हॅव एट हंड्रेड अवर्स" एवढंच तोंडातून निघतं आणि समोरचा घड्याळाकडे बघतो.

एक उदाहरण देते. बारामतीला पावसाळ्यात गंमत असते. पुण्यात छत्र्या उघडलेल्या असतात आणि तिकडे पर्जन्यछायेत लख्ख ऊन, फक्त पश्चिमेचा वारा सुटलेला. अशाच एका दुपारी एक विद्यार्थी सेसना १७२ उतरवत होता. फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलताना) त्याने योक, म्हणजे हातातलं सुकाणू, जरा जास्त ओढलं, विमान फुग्यासारखं वर उचललं गेलं, वेग पडायला लागला. अशा वेळी घाबरलेला माणूस योक आणखी ओढतो. माझा हात थ्रॉटलमागे (पॉवरच्या दांड्यामागे) होता, पण मी एक सेकंद थांबले. त्याने नाक थोडं खाली सोडलं, थोडी पॉवर दिली आणि विमान बसवलं. खडखडाट झाला, पण बसवलं त्यानेच. कधी हात घालायचा आणि कधी नाही, हे दोनशे तासांच्या कुठल्याच मुलाला येत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या चुका बघत बसल्यावर येतं. एअरलाइनमध्ये याच गोष्टीला मॉनिटरिंग म्हणतात आणि तीच शिकवण्यात महिने जातात.

दुसरी एक कमाई कोणी सांगत नाही. इन्स्ट्रक्टर उजवीकडे बसतो, म्हणजे डावा हात थ्रॉटलवर आणि उजवा योकवर. फर्स्ट ऑफिसरही उजवीकडेच बसतो. एटीआरच्या सिम्युलेटरमध्ये पहिल्या दिवशी माझे हात आपोआप जागच्या जागी गेले; बॅचमधल्या बाकीच्यांचे हात आठवडाभर गोंधळलेले होते.

मग सिम चेकमध्ये (सिम्युलेटरवरच्या परीक्षेत) इन्स्ट्रक्टर मार का खातात?

खातात, आणि चांगले सणसणीत खातात. याची कारणं नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त निराश फोन यावरचेच येतात.

पहिलं कारण म्हणजे तुम्ही स्वतः उडवतच नाही. आठशे तासांतले सातशे तास तुम्ही दुसऱ्याला उडवताना बघितलेलं असतं. शेवटचा आयएलएस (रेडिओच्या मार्गदर्शनावर उतरणं) स्वतःच्या हाताने, बाहेरचं दिसू नये म्हणून हुड लावून, डावीकडे न बघता कधी केला होता? आठवत नसेल तर उत्तर मिळालं.

दुसरं कारण डोळे. जुन्या डायलच्या विमानात यंत्रं डाव्या सीटच्या समोर असतात. उजवीकडून तुम्ही ती तिरकी वाचता, काट्यात थोडा फरक दिसतो आणि तुम्ही मनातल्या मनात तो दुरुस्त करता. वर्षभरात याची इतकी सवय होते की समोर सरळ यंत्रं आली तरी नजर भरकटते. स्कॅन, म्हणजे यंत्रांवरून नजर फिरवायचा क्रम, नव्याने बसवावा लागतो.

तिसरं कारण तोंड. इन्स्ट्रक्टर सतत बोलतो: "स्पीड बघ, स्पीड बघ, राइट रडर." सिममध्ये शेजारच्या पायलटला तुम्ही असंच बोलायला लागलात की परीक्षक वहीत काहीतरी लिहितो, आणि ते कौतुक नसतं. तिथे ठरलेली कॉलआउट असतात. तेवढीच, त्याच शब्दांत.

यावर उपाय महागडा नाही. अर्जाच्या तीन-चार महिने आधीपासून आठवड्यातून एक तास फ्लाइंग शाळेच्या सिम्युलेटरवर स्वतः बसा. एका सहकाऱ्याला उजवीकडे बसवा आणि त्याला गप्प राहायला सांगा. होल्ड (ठरलेल्या जागी घिरट्या), व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओवरून दिशा धरणं), आयएलएस, एक इंजिन बंद, या सगळ्याचा सराव करा. आयआर चेकच्या तारखेच्या जवळच हे केलं तर दोन कामं एकात होतात.

एटीपीएलसाठी माझे तास चालतील का?

पीआयसीचे (विमानाची जबाबदारी तुमच्यावर असलेले) म्हणून चालतील, आणि हा खरोखर मोठा फायदा आहे. २०० तासांवर एअरलाइनमध्ये गेलेल्या मुलाला कमांडचे तास देखरेखीखालचे म्हणून हळूहळू जमवावे लागतात. तुमच्याकडे ते आधीच शेकड्यांनी असतात. पण लॉगबुकाचे बाकीचे रकाने उघडून बघा. रात्रीचे किती? इन्स्ट्रुमेंटचे किती? दिवसाउजेडी पट्टीभोवती सर्किट मारून ते रकाने भरत नाहीत. शाळेत नाइट फ्लाइंगची यादी लागली की बाकीचे कंटाळा करतात, तेव्हा तुम्ही नाव घाला. एटीपीएलचे पेपरही शाळेत असतानाच द्या. लाइनवर (एअरलाइनच्या रोजच्या उड्डाणांवर) गेल्यावर दिवसात चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, करून हॉटेलवर आल्यावर नेव्हिगेशनचं पुस्तक उघडायची ताकद कोणातच नसते, माझ्यात तर अजिबात नव्हती.

टाइप रेटिंग (एका ठरावीक प्रकारचं विमान उडवायची परवानगी) स्वतःच्या पैशाने आधीच करून ठेवू का?

हातात ऑफर नसेल तर नको. यावर माझं मत ठाम आहे आणि ते कितीजणांना आवडत नाही हेही मला ठाऊक आहे.

जेट रेटिंगचा खर्च पंधरा-वीस लाखांच्या घरात जातो. सीपीएलचं कर्ज असतंच, त्यावर हे. लोक म्हणतात, "रेटिंग असलं की आधी घेतात." कधी कधी घेतातही. पण रेटिंग नाशवंत असतं. ते केल्यावर त्या प्रकारचं विमान उडवलं नाही तर ते शिळं होतं, आणि ते ताजं करायला सिमचे तास पुन्हा विकत घ्यावे लागतात. भाजी आणून ठेवायची आणि पाहुणे कधी येणार हे माहीत नाही, असला प्रकार.

मे २०२३ आठवा. ३ मेपासून गो फर्स्ट एअरलाइनची विमानं थांबली आणि एअरबस ए-३२० चं रेटिंग, शिवाय लाइनचा अनुभव असलेले वैमानिक एकदम बाजारात आले. त्या रांगेत शून्य तासांचं रेटिंग घेऊन उभ्या असलेल्या मुलाला कोण विचारणार? त्याआधी १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली, तेव्हाही हेच झालं होतं. अशा वेळी शाळेत टिकून राहिलेल्या इन्स्ट्रक्टरांचे निदान तास वाढत होते आणि पगार येत होता.

ऑफर पत्र हातात असेल, त्यात रेटिंग कुठे करायचं, त्यानंतर किती दिवसांत रुजू करून घेणार आणि लाइन रिलीज होईपर्यंत, म्हणजे देखरेखीचं प्रशिक्षण संपेपर्यंत, पगार काय हे लिहिलेलं असेल, तर कर्ज काढायला हरकत नाही. तोंडी शब्दावर काढू नका.

एटीआर मिळाली तर घ्यावी, की एअरबसची वाट बघावी?

घ्या. मी पक्षपाती आहे, तरी घ्या. एटीआर छोट्या पट्ट्यांवर उतरते, दिवसात चार-चार, पाच-पाच सेक्टर होतात, ऑटोथ्रॉटल नसल्याने हात चालू राहतात. छोटी गावं विमानाने जोडण्याच्या सरकारी 'उडान' योजनेतल्या गावांना जोडणारी बरीच उड्डाणं या किंवा याहून छोट्या विमानांची असतात. गोव्याच्या फ्लाय९१ कंपनीची विमानं आपल्या सोलापूर-जळगावपर्यंत येतात. कोल्हापूरच्या घोडावतांच्या स्टार एअरकडे एम्ब्रेअरची छोटी जेट आहेत. मराठी मुलाला गावचा रनवे कॉकपिटमधून दिसण्याची शक्यता इथे जास्त. पगार जेटपेक्षा कमी, हे खरं. पण पाचशे तास लाइनवर काढलेल्या माणसाकडे पुढची एअरलाइन वेगळ्या नजरेने बघते.

पुण्यात बेस मिळेल का?

धरून चालू नका. लोहगाव हवाई दलाचं आहे, नागरी विमानं तिथे पाहुणी. नव्या मुलांना कंपनी म्हणेल तिथे जावं लागतं, आणि कंपनी बहुतेकदा दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद म्हणते. मुंबई मिळाली तर नशीब समजा. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाल्यापासून एक्स्प्रेस वेवरून ये-जा करायची स्वप्नं बरेचजण बघतात. पहाटे तीनला रिपोर्टिंग असेल त्या दिवशी घाट, धुकं आणि झोप या तिघांचा हिशेब मांडून बघा. पनवेलला खोली घ्या.

चार्टरचं काय? बिझनेस जेट म्हणजे भारी ना?

फोटो भारी येतात. काम असं असतं: फोन वाजला की निघायचं. साहेबांची सभा लांबली तर परक्या विमानतळावर सहा तास सोफ्यावर बसायचं. सामान आपणच चढवायचं, कधी केबिनही आपणच आवरायची. निवडणुकांच्या दिवसांत तास भरभरून, एरवी महिना कोरडा. पण किंग एअरसारख्या विमानावर एखाद्या जुन्या कॅप्टनशेजारी दोन वर्षं काढलीत, तर अनोळखी पट्टी, बदलतं हवामान आणि "उतराच" म्हणणारा प्रवासी यांना तोंड कसं द्यायचं ते शिकता. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. जिथे कॅप्टन "नाही" म्हणाला तर त्याची नोकरी जाते, तिथे जाऊ नका. हे मुलाखतीत कळत नाही. तिथून सोडून गेलेल्या माणसाला चहाला बोलवा, मग कळतं.

शाळा बॉन्ड मागतेय, नोटीस पीरियडही आहे. अडकेन का?

बॉन्ड ही धमकी नाही आणि रद्दीही नाही. "बॉन्ड कोर्टात टिकत नाही" असं कट्ट्यावर सांगणारे बरेच भेटतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा आणि आधी सोडल्यास दोन लाख रुपये ही अट वैध धरली. म्हणून सही करण्याआधी रक्कम, मुदत आणि ती वर्षागणिक कमी होते का, ते बघा. शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एखाद्या वकिलाला अर्ध्या तासाची फी देऊन वाचून घ्या. पन्नास लाखांच्या शिक्षणावर ही काटकसर करू नये.

एअरलाइनमध्ये गेल्यावर सोडणं आणखी अवघड. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष नोटीस द्यावी लागते. म्हणून पहिली एअरलाइन "बघू, नाही आवडली तर सोडू" म्हणून निवडू नका.

माझ्या एका मैत्रिणीला दुसऱ्या राज्यातल्या एका शाळेने तीन महिने पगार दिला नव्हता आणि मूळ लॉगबुक ऑफिसात अडकवून ठेवलं होतं. लॉगबुक स्वतःच्या कपाटात ठेवायचं. प्रत्येक पानाचा फोटो दर आठवड्याला काढायचा. हे मी प्रत्येकाला सांगते, निम्मे ऐकतात.

"एअरलाइनमध्ये आत माणूस आहे, आठ लाखांत काम होईल" असा फोन आला होता…

ठेवून द्या. हे फोन बहुधा मुलाला येत नाहीत, वडिलांना येतात, कारण पैसे वडिलांकडे असतात. हॉटेलातलं सेमिनार, गणवेशातला पाहुणा, "फक्त दोन जागा उरल्यात." भरती कंपनीच्या संकेतस्थळावरून होते: लेखी, सायकोमेट्रिक, सिम, मुलाखत. वडिलांना आजच सांगून ठेवा.

शाळेतच राहिलं तर? एअरलाइनला गेलंच पाहिजे असं थोडंच आहे?

मुळीच नाही, आणि हा प्रश्न फारच थोडे विचारतात याचं मला वाईट वाटतं. एएफआयवरून (सहायक इन्स्ट्रक्टर) एफआय (पूर्ण इन्स्ट्रक्टर), मग डेप्युटी सीएफआय, सीएफआय (मुख्य इन्स्ट्रक्टर), परीक्षक, ही सरळ वाट आहे आणि या वाटेवर माणसं कमी आहेत. अमरावतीला एअर इंडियाने स्वतःच्या शाळेचा घाट घातला, गोंदिया आहे, धुळे-जळगावकडे शाळा आहेत. शिकायला मुलं रांगेत उभी आहेत आणि शिकवायला अनुभवी माणूस मिळत नाही, म्हणून विमानं उभी राहतात. चांगला सीएफआय आज पगारावर घासाघीस करू शकतो.

शाळा बदलायची असेल तर डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ ला काढलेली शाळांची क्रमवारी बघा. त्या पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा नव्हती, यावरून काय ते समजा. मी मात्र क्रमवारीच्या आधी हँगर बघते. दुरुस्तीला उभी विमानं किती, आणि मेकॅनिक जेवणाच्या सुट्टीत हसतात का.

एक इशारा. "अजून एक वर्ष" असं दरवर्षी म्हणत राहिलात तर ते निर्णय घेणं नव्हे. एअरलाइनची सीनिऑरिटी रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजतात, तिथे तुमचे शाळेतले तास मोजत नाहीत. राहायचं तर राहायचं म्हणून राहा.

याशिवाय काही?

थोडं आहे. डीजीसीएच्या विषयांचे ग्राउंड क्लास पुण्यात चालतात. मिटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र) बरी शिकवता येत असेल तर संध्याकाळच्या क्लासमधून कर्जाचा हप्ता सुटतो. (सिमला ऑफिसच्या, म्हणजे हवामान खात्याच्या चौकात रोज सिग्नलला थांबणाऱ्या मुलांना मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, वाचता येत नाही, हे पुण्यातच घडू शकतं.) डिस्पॅच, सेफ्टी विभाग, सिम इन्स्ट्रक्टर हेही आहे. आणि एक दुर्मिळ: पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २००९ पासून ढगांच्या अभ्यासासाठी 'काइपीक्स'ची उड्डाणं चालवली, सोलापुरात ढगात बीजं टाकायचे प्रयोगही केले. अशा नोकऱ्या जाहिरातीत दिसत नाहीत, ओळखीतून कळतात आणि फार थोड्यांना मिळतात. त्यावर घर चालवायची योजना आखू नका.

नवीन ड्यूटीच्या नियमांमुळे भरती वाढली म्हणतात, खरं का?

खरं आहे. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ते सगळ्यांनी पाहिलं. तेवढंच काम करायला माणसं जास्त लागणार, हे उघड आहे. पण माणसं लागतात आणि विमानं वेळेवर येत नाहीत, असंही एकाच वेळी चालू असतं. दार उघडतं आणि मिटतं. तुमचे कागद कायम तयार हवेत, एवढंच तुमच्या हातात आहे.

मेडिकलबद्दल काही?

क्लास वन (व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी) ची तारीख जवळ आल्यावर वजन उतरवायला लागू नका. लायसन्स गेल्यास भरपाई देणारा विमा पहिल्या पगारातून घ्या.

घरचे विचारतात, "अजून किती वर्षं शिकवणार?" काय सांगू?

माझ्या बाबांनी इंदापूरची दीड एकर जमीन बँकेकडे ठेवली होती. तेही विचारायचे, आणि मी चिडायचे. शेवटी एका रविवारी मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं: हप्ता इतका, पगार इतका, उडवलेल्या तासामागे भत्ता इतका, आयआरचा खर्च या महिन्यात, अर्ज या तीन ठिकाणी, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत कुठूनच बोलावणं आलं नाही तर सीएफआयच्या वाटेला लागणार. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "आयआर म्हणजे काय?" त्यानंतर प्रश्न थांबले. ते चिडून विचारत नव्हते, त्यांना आकडे हवे होते.

निवड झाली! शाळा उद्याच सोडू का? विद्यार्थी अर्ध्यात आहेत.

उद्या नको. रुजू व्हायची तारीख लेखी आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. दिल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याची फाइल पुढच्या इन्स्ट्रक्टरसाठी स्वच्छ करून ठेवा. "सॅटिसफॅक्टरी" हा शब्द लिहू नका, त्यातून कोणालाच काही कळत नाही. फुग्यासारखं विमान उचलणारा माझा तो विद्यार्थी तेव्हा सोलोच्या, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडण्याच्या, उंबरठ्यावर होता. त्याच्या फाइलवर शेवटच्या दिवशी मी लिहिलं: "फ्लेअरला घाई करतो. तुम्ही बोललात की जास्त घाई करतो. हात थ्रॉटलमागे ठेवा आणि गप्प बसा." अकरा दिवसांनी त्याचा फोटो आला, पहिल्या सोलोनंतरच्या रीतीप्रमाणे शर्टावर बादलीभर पाणी ओतलेलं.